भित्र्या सशाला जपा, माश्यांपासूनही!

प्रतिनिधी, मुंबई

सशाला मांजराचा, कुत्र्याचा, घारीचा धोका असतो, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण साधी माशीही पाळीव सशाचा जीव घेऊ शकते, असे सांगितले तर अनेकांना ते खरे वाटणार नाही. गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांतील चाळींत आणि जुन्या इमारतींत ससा पाळणाऱ्या कुटुंबांनी मात्र ही गोष्ट गांभीर्याने घ्यायला हवी. सशाच्या शेपटीखालच्या ओलसर, मळलेल्या केसांत माशी अंडी घालते. मुंबईच्या उष्ण व दमट हवेत ती एका दिवसाच्या आतच फुटतात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या जिवंत सशाची कातडी व मांस कुरतडू लागतात. गुरांच्या किंवा भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत आपण 'जखमेत किडे पडले' असे म्हणतो, तोच हा प्रकार. सशाला मात्र आधी जखम असावीच लागते असे नाही; मळलेले केस पुरेसे असतात.

यावरचा पहिला उपाय अगदी साधा आहे. रोज सशाला हातात घेऊन शेपटीखालचा भाग पाहायचा. अडचण अशी, की बहुतेक घरांतील ससे हातच लावू देत नाहीत. कोणी जवळ गेले की ते पलंगाखाली किंवा कपाटामागे दडतात, उचलले की लाथा झाडतात. मग 'राहू दे, घाबरतो बिचारा' म्हणून घरचेही त्याला लांबूनच गाजर दाखवतात आणि त्याची पाठीमागची बाजू महिनोन् महिने कोणी पाहत नाही. म्हणूनच भित्र्या सशाला हाताळणे आणि घरातील माश्या दूर ठेवणे हे वरकरणी दोन वेगळे विषय वाटले, तरी सशाच्या आरोग्याच्या दृष्टीने ते एकमेकांत गुंतलेले आहेत.

भीती त्याच्या पाचवीलाच पुजलेली

लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतला ससा पाठीवर पान पडताच 'आभाळ कोसळले' म्हणत धावत सुटतो. ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जात असली, तरी तिच्यात निरीक्षण आहे. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. मात्र नाकाच्या अगदी पुढचे आणि हनुवटीखालचे दिसत नाही. त्यामुळे समोरून एकदम नाकापुढे आलेला हात त्याला दचकवतो आणि वरून आलेला हात तर त्याच्या लेखी घारीची झडपच असते. पिंजऱ्याचे दार वरच्या बाजूला असेल, तर हा अनुभव त्याला दिवसातून चार वेळा येतो. बाजूने उघडणारा पिंजरा घ्यावा, असे सांगितले जाते ते यासाठीच.

आपल्याकडे रानातल्या आणि घरातल्या अशा दोन्ही प्राण्यांना 'ससा' हा एकच शब्द असल्याने थोडा गोंधळ होतो. महाराष्ट्राच्या माळरानावर दिसणारा तपकिरी, लांब कानांचा ससा ही वेगळी जात असून वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याला संरक्षण आहे. तो पकडता किंवा पाळता येत नाही. दुकानात मिळणारे पांढरे, काळे, ठिपकेदार ससे हे बिळात राहणाऱ्या युरोपीय सशाचे पाळीव वंशज आहेत. बिळाची ही ओढ त्यांच्यात आजही शिल्लक आहे. त्यामुळे घरातल्या सशाला दोन तोंडे असलेला पुठ्ठ्याचा खोका दिला, की त्याची निम्मी भीती ओसरते. लपायला हक्काची जागा आहे, याची खात्री असलेला ससा बाहेर यायला कचरत नाही. खोका न देता 'सवय व्हावी' म्हणून त्याला उघड्यावर ठेवणे मात्र उलट परिणाम करते.

क्रॉफर्ड मार्केट, म्हणजेच महात्मा जोतिबा फुले मंडई, हे पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी वर्षानुवर्षे ओळखले जाते. दक्षिण आणि मध्य मुंबईतील अनेक घरांत पहिला ससा तेथूनच येतो. पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानांना २०१८च्या केंद्रीय नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे, याची ग्राहकाने जरूर चौकशी करावी. गर्दीच्या दुकानात, दिवसभर हाताळलेले, आईपासून लवकर तोडलेले पिल्लू घरी आल्यावर कोपऱ्यात दडून बसले, तर त्याला हट्टी किंवा माणूसघाणे समजू नये. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू घेऊच नये. 'हे याहून मोठे होणार नाही' या आश्वासनावरही फारसा भरवसा ठेवू नये.

कान धरून कधीही उचलू नका

जादूगाराच्या टोपीतून कान धरून बाहेर काढलेला ससा आपण सर्वांनी चित्रांत पाहिला आहे. या चित्राने सशांचे जेवढे नुकसान केले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल. सशाचे कान नाजूक आणि रक्तवाहिन्यांनी भरलेले असतात. शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचे काम ते करतात. संपूर्ण शरीराचा भार त्यांवर टाकणे म्हणजे निव्वळ छळ आहे.

त्याहून मोठा धोका पाठीच्या कण्याला असतो. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या मानाने फारच हलका, शरीराच्या वजनाच्या सुमारे ७ ते ८ टक्के असतो. मागच्या पायांचे स्नायू मात्र जबरदस्त असतात. हवेत लोंबकळणाऱ्या सशाने जोरात लाथ झाडली, तर स्वतःच्याच ताकदीने त्याच्या कमरेचा मणका मोडू शकतो आणि मागचे पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणून सशाला उचलताना एक हात पुढच्या पायांमागे छातीखाली आणि दुसरा हात बुडाखाली हवाच. उचलल्याबरोबर त्याला आपल्या अंगाशी धरावे आणि त्याचे तोंड आपल्या कोपराच्या खोबणीत लपू द्यावे. अंधार झाला की तो शांत होतो. हे सारे उभ्याने करू नये. जमिनीवर बसूनच करावे. मुलांच्या बाबतीत तर हा नियम कटाक्षाने पाळावा. चाळीच्या गॅलरीत, कठड्यापाशी सशाला हातात घेऊन उभे राहणे टाळायलाच हवे. दचकलेला ससा खाली किती मजले आहेत, याचा विचार करत नाही.

उचलण्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि तो द्यायला हवा. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वाधिक चलाख असतो, ही नोकरदार मुंबईकरांच्या सोयीची गोष्ट आहे. कामावरून परतल्यावर दहा-पंधरा मिनिटे सशाच्या खोक्यापासून थोड्या अंतरावर जमिनीवर नुसते बसावे. वाटल्यास वर्तमानपत्र वाचावे. त्याच्याकडे टक लावून पाहू नये, हातही पुढे करू नये. काही दिवसांत तो आपणहून हुंगायला येतो. मग बाजूने कोथिंबिरीची काडी पुढे करावी. ती त्याने निर्धास्तपणे खाल्ली, की कपाळावर आणि गालांवर हळुवार बोटे फिरवावीत. हनुवटी, पोट आणि पाय यांना सुरुवातीला स्पर्श करू नये. त्यानंतरची पायरी म्हणजे तो जमिनीवर असतानाच छातीखाली हात घालून पुढचे पाय क्षणभर उचलणे आणि लगेच सोडणे. हे सहज जमू लागल्यावरच पूर्ण उचलावे. काही ससे दोन आठवड्यांत तयार होतात, काहींना तीन महिनेही लागतात.

या काळात त्याची भाषा समजून घ्यावी. मागचा पाय जमिनीवर जोरात आपटणे म्हणजे धोक्याची सूचना. कान पाठीला चिकटवून, डोळे विस्फारून थिजलेला ससा 'शांत' नसतो, तो भेदरलेला असतो. डोक्यावरून हात फिरवताना दातांचा बारीक, मऊ आवाज येणे हे समाधानाचे लक्षण आहे. मात्र कोपऱ्यात अंग चोरून बसलेला ससा करकरून दात खात असेल, तर त्याला वेदना होत आहेत असे समजावे.

सशाला उताणे केले की तो निश्चल पडून राहतो. 'पाहा कसा झोपला' म्हणून अनेकजण हा प्रयोग पाहुण्यांना करून दाखवतात. ही झोप नव्हे. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यासारखे पडून राहण्याची ती प्रतिक्रिया आहे आणि त्या वेळी त्याच्या शरीरावर प्रचंड ताण असतो. शेपटीखालचा भाग पाहण्यासाठीही त्याला पूर्ण उताणे करण्याची गरज नाही.

लालबाग-परळ आणि गिरगावात भाद्रपदाचे दिवस सशांसाठी सर्वांत कठीण असतात. पावसाळा संपलेला नसतो, माश्या भरपूर असतात आणि ढोल-ताशा, फटाके व ध्वनिवर्धकांचा आवाज रात्री उशिरापर्यंत चालू असतो. मिरवणुकीच्या दिवशी सशाला रस्त्याकडच्या खोलीतून आतल्या खोलीत हलवावे, खोक्यावर जाड चादर अर्धवट टाकावी, गवत भरपूर ठेवावे आणि त्याला कुशीत घेऊन 'धीर' देण्याचा आग्रह धरू नये. भेदरलेल्या सशाला खोकाच अधिक जवळचा वाटतो. दुसऱ्या दिवशी तो खात आहे आणि लेंड्या टाकत आहे, याकडे लक्ष ठेवावे. अतिताणामुळे सशाचे आतडे मंदावते. सुमारे बारा तास काहीही न खाल्लेला ससा हा तातडीने डॉक्टरांकडे नेण्याचा रुग्ण असतो.

शेपटीखाली काय पाहावे?

सशाच्या विष्ठेचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या कोरड्या, गोल लेंड्या. दुसरा म्हणजे मऊ, चकाकत्या, द्राक्षाच्या घडासारख्या गोळ्या, ज्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. त्यांतून त्याला जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात. हे किळसवाणे वाटले, तरी ते निरोगीपणाचे लक्षण आहे. ससा लठ्ठ झाला, म्हातारपणी त्याचे सांधे धरले किंवा दात वाढले, की तो तेथपर्यंत वाकू शकत नाही. पाव, बिस्किटे, पोळी, फळे आणि दुकानी दाणे अती झाले, तरी या गोळ्या पातळ होतात. मग त्या केसांना चिकटून राहतात, लघवीने ओले झालेले केस कुबट होतात आणि हाच वास माश्यांना ओढून आणतो.

म्हणजे माश्यांविरुद्धची लढाई सशाच्या ताटापासून सुरू होते. त्याच्या आहाराचा सुमारे ८० टक्के भाग गवतच असायला हवा. देवळांबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बायकांकडील गवताची पेंढी, दादरच्या फूलबाजारातील दूर्वांच्या जुड्या हे मुंबईतील सोयीचे पर्याय आहेत. मात्र ते धुऊन, पूर्ण निथळवून द्यावेत. कुजकट वासाचे ओले गवत नकोच. लसूणघास कॅल्शियमने समृद्ध असल्याने मोठ्या सशाला थोडाच द्यावा. मुळ्याचा व गाजराचा पाला, कोथिंबीर, पुदिना चालतो. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य. आणि गाजर? ते गोड असते, त्यामुळे अधूनमधून एखादा तुकडा पुरे. ससा म्हणजे गाजर हे समीकरण चित्रकथांनी रूढ केले आहे.

तपासणी दिवसातून एकदा, पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ करावी. दोघेजण असतील तर काम सोपे होते. एकाने जमिनीवर बसून सशाला मांडीवर, अंगाशी धरावे. दुसऱ्याने शेपटी हलकेच उचलून गुदद्वाराभोवतीचा भाग, जांघेतल्या घड्या, माद्यांच्या गळ्याखालची वळी आणि एखादी जुनी जखम असेल तर ती पाहावी. केसांच्या टोकाला फिकट पिवळसर, रव्याच्या लांबट कणांसारखे पुंजके दिसले, तर ती माशीची अंडी आहेत. ती बारीक दातांच्या फणीने किंवा चिमट्याने ताबडतोब काढावीत. घाण चिकटलेली असल्यास तेवढाच भाग कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसून कोरडा करावा. संपूर्ण सशाला आंघोळ घालू नये. भिजलेला ससा धक्क्याने दगावू शकतो, शिवाय त्याचे दाट केस लवकर वाळत नाहीत आणि माशीला हवा असलेला ओलावा आपणच पुरवतो. अंगोरासारख्या लांब केसांच्या सशांचे मागचे केस पावसाळ्यापूर्वी कापून घ्यावेत.

माश्यांचा बंदोबस्त

सर्वच माश्या सशाच्या अंगावर अंडी घालतात असे नाही. जेवणावर घोंघावणारी करडी घरमाशी प्रामुख्याने कचऱ्यात व शेणात वाढते. चकाकत्या हिरव्या आणि निळ्या माश्या कुजणाऱ्या मांसाच्या व विष्ठेच्या वासावर येतात, आणि सशाला खरा धोका त्यांचा. मासळीबाजाराजवळ राहणाऱ्यांना त्या चांगल्याच परिचयाच्या असतील. घरात अशी एखादी माशी दिसली, की ती हाकलून स्वस्थ बसू नये. सशाची तपासणी करावी.

घरमाशी एका वेळी शंभर ते दीडशे अंडी घालते आणि उष्ण हवेत अंड्यापासून माशी तयार व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. त्यामुळे दिसणाऱ्या माश्या मारत बसण्यापेक्षा त्यांची पैदास रोखणे महत्त्वाचे. सशाच्या ट्रेमधील कागद व गवत रोज बदलावे. उरलेला भाजीपाला तासाभरात उचलावा. सशाच्या लघवीत चुन्यासारखा क्षार असतो, त्याचे पांढरे थर साबणाने निघत नाहीत. साधे व्हिनेगर टाकून काही वेळ ठेवले की ते विरघळतात आणि वासही जातो. नंतर ट्रे पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा. कोरड्या लेंड्या तुळशीच्या कुंडीला उत्तम खत आहे, पण त्या मातीत मिसळाव्यात. गॅलरीच्या कोपऱ्यात त्यांचा ओला ढीग साठवला, तर शेजाऱ्यांच्या तक्रारी रास्तच ठरतील. ओल्या कचऱ्याचा डबा झाकणाचा असावा व तो रात्रभर दाराबाहेर उघडा राहू नये. सामाईक गॅलरी असलेल्या चाळीत हे एका घराने करून भागत नाही, मजल्यावरच्या सर्वांनी मिळून ठरवावे लागते.

चाळीत दार दिवसभर उघडे असते, ते बंद ठेवा म्हणणे व्यर्थ. त्याऐवजी जाळीचे दार किंवा चिकटपट्टीने बसणारी जाळी लावावी. पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाकायची असेल, तर ती सशाच्या दातांपासून चार बोटे दूर राहील अशी बांधावी. नायलॉनचे धागे पोटात गेले तर आतडे तुंबते. पंख्याच्या वाऱ्यात माश्या टिकत नाहीत, हा साधा आणि निर्धोक उपाय आहे. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये त्याचा दुहेरी फायदा होतो, कारण तापमान ३० अंशांच्या आसपास गेले की सशाला उष्माघाताचा धोका निर्माण होतो. चिकट कागद उंचावर टांगावा. माश्या मारण्याची विजेची रॅकेट मात्र सशाजवळ वापरू नये. तिचा 'चट्' आवाज आठवडाभराची मेहनत एका क्षणात वाया घालवतो.

फवारे, कॉइल, डांबराच्या गोळ्या आणि काळे फिनेल सशाच्या खोलीत वापरू नये. ससा केवळ नाकाने श्वास घेतो आणि जमिनीलगत वावरतो. फरशीवर जे टाकले जाते ते त्याच्या पायांना लागते आणि पाय चाटताना पोटात जाते. लिंबात लवंगा खोचून ठेवण्याचा घरगुती उपाय निरुपद्रवी आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. कुत्र्यांच्या गोचिडांवर मानेवर सोडायचे जे औषध सर्रास मिळते, त्यांपैकी फिप्रोनिल हा घटक असलेली औषधे सशांसाठी प्राणघातक ठरू शकतात. घरात कुत्रा व ससा दोन्ही असतील, तर बाटलीवरील घटक वाचल्याशिवाय काहीही वापरू नये.

अळ्या दिसल्या तर

अळ्या दिसल्यावर 'सकाळी पाहू' म्हणणे घातक आहे. काही तासांत त्या कातडीखाली शिरतात. ससा अचानक गप्प झाला, खाईनासा झाला, अंगाला घाण वास येऊ लागला किंवा तो सारखा मागे वळून चावू लागला, तर लगेच पाहावे. वर दिसणाऱ्या अळ्या चिमट्याने काढाव्यात, सशाला कोरड्या टॉवेलमध्ये सैल गुंडाळावे आणि पशुवैद्यकाकडे निघावे. गुरांच्या जखमेत किडे पडल्यावर टर्पेंटाइनचा बोळा घालण्याची गावाकडची पद्धत अनेकांना माहीत असते. टर्पेंटाइन, रॉकेल, फिनेल किंवा कापूर यांपैकी काहीही सशाला लावू नये. त्याची पातळ कातडी भाजून निघते आणि चाटल्याने विषबाधा होते. घरात उरलेली अमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविके तोंडावाटे देणेही तितकेच धोक्याचे. त्यांमुळे सशाच्या आतड्यांतील उपयुक्त जिवाणू नष्ट होऊन तो दगावू शकतो.

उपचारांच्या बाबतीत मध्य मुंबई सुदैवी आहे. १८७४ साली स्थापन झालेल्या, प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय परळलाच आहे. गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांच्या पत्नीचे नाव त्याला दिलेले असले, तरी परळकरांच्या तोंडी ते 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणूनच आहे. त्याच्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. बैल आणि घोडे शहरातून जवळपास हद्दपार झाले, आता तेथे प्रामुख्याने कुत्री-मांजरे येतात. सशांचे उपचार हा वेगळा विषय असल्याने कोठेही जाण्यापूर्वी दूरध्वनी करून सशांवर उपचार करणारे डॉक्टर कोणत्या वेळी भेटतील, हे विचारून घ्यावे. ही चौकशी ससा आजारी पडण्याआधी करून ठेवलेली बरी.

नेताना भोके असलेली, झाकणाची टोपली किंवा पेटी वापरावी, तळाशी टॉवेल व मूठभर गवत घालावे. लोकलच्या गर्दीत नेण्यापेक्षा टॅक्सी करावी आणि शक्यतो भर दुपार टाळावी. अळ्या पडल्या असतील तर मात्र वेळ न पाहता निघावे. उपचारानंतर सशाने खायला सुरुवात केली का, लेंड्या पूर्ववत झाल्या का, हे पहिले दोन-तीन दिवस लिहून ठेवावे आणि जखम भरेपर्यंत त्याला जाळीआड, स्वच्छ पांढऱ्या कापडावर ठेवावे. पांढऱ्या कापडावर एकही अळी किंवा डाग नजरेतून सुटत नाही.